पस्तीस मिलिसेकंद

३ फेब्रुवारी

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. गुडघ्याने संप पुकारला आहे, तेव्हा आठांतलं एक अंग वजा धरावं. बाकी आम्ही सगळे मजेत. तुझी भावजय बरी आहे, म्हणजे माझ्यावर रोजच्याइतकीच चिडते. तुझी भाची परवा बावीस वर्षांची झाली आणि त्याच दिवशी मला म्हणाली, "बाबा, तुम्ही फार म्हातारे दिसायला लागलात हं." वाढदिवस हिचा, आणि वय माझं काढते.

फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोनवर आपलं काय होतं ते तुला ठाऊक आहे. मी दोन विनोद करतो, तू "बरं" म्हणतेस, मग आपण तुमच्याकडे थंडी किती, आमच्याकडे किती, यावर येतो. गेली एकवीस वर्षं आपण दोघं मिळून हवामान खातं चालवतोय.

सोबत निमंत्रणपत्रिका आहे. दचकू नकोस. तुझा बारक्या या वयात दुसऱ्यांदा बोहल्यावर चढत नाहीये. 'दचक'ला पंचवीस वर्षं झाली म्हणून विभाग माझा सत्कार करतोय, दहा मार्चला. शाल, फुलं, आणि माझं वीस मिनिटांचं भाषण. नव्या विभागप्रमुख बाई माझ्या लेकीहून दहा वर्षांनी मोठ्या असतील नसतील. त्या म्हणाल्या, "सर, आज तेरा देशांतल्या प्रयोगशाळा तुमचा प्रोग्राम वापरतात!" मी म्हटलं, "म्हणजे तेरा देशांतली माणसं माझ्यामुळे दचकतात. याचा सत्कार करतात की तक्रार?" त्या हसल्या नाहीत. हल्ली विभागप्रमुख हसत नाहीत, फक्त वहीत लिहून घेतात.

पत्रिका वाचता वाचता मात्र मी पार जुन्या इमारतीत जाऊन पोचलो. तुला आठवतो तो बोर्ड? 'मानसशरीरक्रियाविज्ञान प्रयोगशाळा'. रंगाऱ्याला मधेच श्वास घ्यावा लागला म्हणून त्याने दोन ओळी केल्या. दुसरी ओळ नुसती 'विज्ञान प्रयोगशाळा' अशी उरली, आणि वर्षभर लोक शाळेतला जादूचा प्रयोग बघायला आल्यासारखे डोकावून जायचे. आतली ती आवाजबंद खोली, आपण दोघांनी अंड्यांचे पुठ्ठे चिकटवून केलेली. आपले मोठे सर, तेव्हाचे विभागप्रमुख, म्हणाले होते, "बाहेरचा आवाज आत जात नाही हे ठीक, पण आतून कोंबडी निघाली नाही म्हणजे मिळवलं."

आणि ती खुर्ची! बंद पडलेल्या केशकर्तनालयातून आणलेली, मागे रेलणारी. येणारा माणूस बसायचा आणि आपोआप मान ताठ करून म्हणायचा, "मागून जरा बारीक." तू गंभीर चेहऱ्याने त्याच्या डोळ्याखाली दोन तारा चिकटवायचीस, कानांवर मोठे हेडफोन चढवायचीस आणि सांगायचीस, "आता तुम्ही काहीही करायचं नाही." माणसाला यापेक्षा अवघड काम जगात नाही, हे मला त्या खोलीत कळलं. ते निवृत्त मुख्याध्यापक आठवतात? हेडफोनमध्ये धाडकन आवाज झाला की दर वेळी मागे वळून बघायचे, कुठल्या मुलाने केला ते. आणि आपले बाबा! त्यांच्यावर पहिली चाचणी घेतली आणि ते घोरायला लागले. पन्नास आवाज कानात फोडले, पापणी बरोबर पन्नास वेळा हलली, माणूस मात्र जागा झाला नाही. आईने तो कागद बघून विचारलं, "माणसांना दचकवायला आठ वर्षं शिकलीस? ते मी झुरळ दाखवून करते."

मी तेव्हा टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात होतो. तू आवाज वाजवायचीस टेपवर, वेळ मोजायचीस कागदावर पट्टी लावून, आणि डोळे चोळत घरी यायचीस. एकदा जेवताना म्हणालीस, "बारक्या, असं करता येईल का, की संगणकच आवाज करेल, आणि ज्या क्षणी करेल त्याच क्षणी नोंदणीयंत्राला एक खूण पाठवेल? म्हणजे खुणेपासून पापणी मिटेपर्यंत किती वेळ गेला ते थेट कळेल." मी म्हटलं, "खूण न्यायला छपाईयंत्राची वायर कापावी लागेल." तू म्हणालीस, "काप." एवढ्यावर 'दचक' जन्मला. नाव तुझं, वायर विभागाची, कात्री आईची. मोठ्या सरांपुढे तू माझी शिफारस केलीस ती मला अजून पाठ आहे: "माझा भाऊ यंत्रांशी फार चांगलं बोलतो. माणसांशी बोलायला लागला की तेवढं सांभाळून घ्या."

पत्रिकेवर 'दचकचे जनक' म्हणून एकच नाव आहे. माझं. तुझं नाही. मी विचारलं तर बाईंनी जुन्या फायली चाळल्या आणि अवघडून म्हणाल्या, "सर, त्यांच्याबद्दल तेव्हा काहीतरी चौकशी झाली होती ना?" झाली होती. 'बाईंनी आकडे शिजवले' असं व्हरांड्यात कुजबुजलं गेलं, तू राजीनामा दिलास, लहान मुलांना गणित शिकवायला दुसऱ्या गावी गेलीस, आणि मी तिथेच राहिलो. मी म्हटलं, "झाली होती." पुढे काही म्हटलं नाही. चहा गार होत होता.

तर ताई, तू येशील का? पहिल्या रांगेत बसायला नको असेल तर मागे बस. तुझं नाव न घेता वीस मिनिटं बोलणं मला जमणार नाही, आणि तू समोर नसताना ते घ्यायचं धाडस होत नाही. शिवाय मला तुझ्याशी थोडं बोलायचंही आहे. ते आलीस की.

दाजींना नमस्कार. त्यांच्या खोकल्याला काय सांगितलं डॉक्टरांनी, ते कळव.

तुझा,
बारक्या


१४ फेब्रुवारी

ती. ताईस,

नमस्कार. तुझं कार्ड मिळालं. सहा ओळींचं कार्ड, त्यातल्या तीन ओळी दाजींच्या खोकल्याच्या. उरलेल्या तीन: 'अभिनंदन. मी येत नाही. भाषणात माझं नाव घेऊ नकोस, तुझ्या समारंभावर उगाच डाग नको.'

हे कार्ड मी चार दिवस खिशात घेऊन फिरलो. तू स्वतःला डाग म्हणालीस. बारीक, सुवाच्य अक्षरात, पूर्णविराम देऊन.

आलीस की बोलू म्हणालो होतो. तू येत नाहीस. म्हणजे आता लिहायलाच हवं, आणि विनोद न करता लिहायला हवं, म्हणजे मला परक्या अशा दोन भाषा एकदम आल्या.

बावीस वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीतली गोष्ट. तुझा मोठा प्रयोग अर्ध्यावर आला होता. साधी, सुखी, घरचे सगळे हयात असलेली चाळीस माणसं दचकवून झाली होती. आता पाळी होती ती नुकतंच घरातलं कुणी गेलेल्यांची. खरं तर दोन्ही गट आलटून पालटून बोलवायचे, असं तू ठरवलं होतंस. पण दुःखातली माणसं वेळापत्रकाप्रमाणे येत नाहीत, ती मागे राहिली. आणि नेमका मधेच आपला जुना संगणक गेला. नवा आला.

आपला नियम होता, तूच घातलेला. दर सोमवारी, आणि एखादा भाग बदलला की लगेच, हेडफोनला मायक्रोफोन टेकवायचा, त्याची वायर नोंदणीयंत्रात घालायची आणि बघायचं: संगणकाने खूण पाठवल्यावर खरा आवाज किती वेळाने बाहेर पडतो? कारण संगणक खूण पाठवतो ती 'आवाज कर' असा हुकूम देताना. हुकूम आणि आवाज यांत किती अंतर पडेल ते आतल्या साउंड कार्डच्या लहरीवर. जुन्या संगणकात ते दोन मिलिसेकंद होतं. डोळ्यांत न मावणारं. आकडा नोंदवहीत लिहायचा, खाली सही करायची. सही माझी.

त्या सोमवारी मायक्रोफोन प्रयोगशाळेत नव्हता. तो आमच्या घरी होता, पाळण्याच्या कठड्याला सुतळीने बांधलेला. लेक दोन आठवड्यांची होती. तिचं रडणं मला टेप करायचं होतं. असं रडणं त्याआधी जगात कुणी रडलं नव्हतं, अशी माझी समजूत. मी नोंदवही उघडली आणि लिहिलं: 'तपासले. २ मिलिसेकंद.' सही केली. मनाशी म्हटलं, उद्या आणू मायक्रोफोन. पुढच्या सोमवारीही तेच. असे नऊ सोमवार. नऊ वेळा दोन. हात इतका सरावला की आकडा लिहिताना पेन थांबतही नव्हतं.

त्या नऊ आठवड्यांत तुझी दुःखी माणसं येऊन गेली, प्रयोग संपला, आणि सोमवारची तपासणीही थांबली.

आणि तुला तो शोध लागला. साध्या माणसाची पापणी खुणेनंतर बेचाळीस मिलिसेकंदांनी मिटते, ज्याच्या घरात मरण झालंय त्याची सत्त्याहत्तरने. फरक पस्तीस. तू कागद घेऊन धावत व्हरांड्यात आलीस, पायात चप्पल नव्हती. मोठे सर म्हणाले, "बाई, हे जर खरं असेल तर दुःख मोजायची पट्टी सापडली." वर्तमानपत्रात मथळा आला, 'दुःखी माणूस उशिरा दचकतो'. अनोळखी माणसांची पत्रं आली. एका बाईंनी लिहिलं होतं, मालक गेल्यापासून दाराची घंटा वाजते आणि मला मागाहून ऐकू येते, लोक मला बहिरी समजतात, तुम्ही लिहिलंत म्हणून बरं वाटलं. ते पत्र तू टेबलाच्या काचेखाली ठेवलं होतंस. अडतीस माणसांचं दुःख एकजात पस्तीसच मिलिसेकंद भरतं, दुःख एवढं शिस्तीचं कधीपासून झालं, हे कुणालाही खटकलं नाही. मला तर नाहीच. मी कौतुकाने टेप ऐकत होतो.

वर्षभराने दुसऱ्या प्रयोगशाळेचं पत्र आलं. त्यांनी तोच प्रयोग करून पाहिला, फरक शून्य. मग तिसऱ्या ठिकाणी, तोही शून्य. विभागाने चौकशी समिती नेमली. तो बुधवार होता, दुपार, तू जेवायला गेली होतीस. मी मायक्रोफोन लावला. सदतीस आले. पुन्हा लावला. अकरा वेळा मोजलं, ताई. सदतीस, सदतीस, छत्तीस, सदतीस. सदतीस वजा दोन. पस्तीस.

तुझा शोध माझ्या नव्या संगणकाच्या आळसाचा होता. पापण्या वेळेवरच मिटत होत्या. आवाज उशिरा जात होता.

मी तुला सांगायला तुझ्या खोलीत आलो. खरंच आलो होतो, दारात उभा होतो. तू चौकशी समितीसाठी कागद लावत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "बारक्या, ते पहिला प्रश्न यंत्राचाच विचारणार. मला त्याची काळजी नाही. तुझी नोंदवही माझी साक्षीदार आहे." आणि नोंदवही गठ्ठ्याच्या सगळ्यात वर ठेवलीस.

मी म्हणालो, "चहा सांगू का?"

समितीत तिघं होते. तू आधी आत जाऊन आली होतीस, मग मला बोलावलं. अध्यक्षांनी नोंदवही उघडून माझ्याकडे फिरवली. "संगणक बदलल्यानंतरच्या तपासण्या. या सह्या तुमच्याच ना?" मी म्हणालो, "हो." एवढंच. खोटं बोललो नाही. सह्या माझ्याच होत्या. ते एकमेकांकडे बघून म्हणाले, "म्हणजे यंत्र निर्दोष." आणि यंत्र निर्दोष म्हटल्यावर उरली फक्त तू.

कारणं हवी असतील तर माझ्याकडे भरपूर आहेत, एकवीस वर्षं साठवतोय. नोकरी कच्ची होती. मूल लहान होतं. वाटलं, तू विदुषी, तुला दुसरीकडे कुठेही घेतील. मला टीव्हीच्या दुकानातही घेणार नाहीत. वाटलं, पुढच्या महिन्यात सांगू. मग तू राजीनामा दिलास, आणि त्यानंतर सांगणं म्हणजे नुसतं चूक सांगणं राहिलं नाही.

तू गेल्यावर मी 'दचक' पुन्हा पहिल्यापासून लिहिला. आता त्यात अशी सोय आहे की त्या दिवशी मायक्रोफोन लावून प्रत्यक्ष मोजल्याशिवाय प्रोग्राम सुरूच होत नाही. आकडा हाताने लिहायची जागाच ठेवलेली नाही. शिकाऊ संशोधक वैतागतात, "सर, कालच तर मोजलं!" सगळीकडे मला वेळवेडा म्हणतात. माझ्या काटेकोरपणावर एकाने लेख लिहिलाय. त्याच काटेकोरपणाला दहा तारखेला शाल मिळणार आहे. माझा भित्रेपणा तेरा देशांत एवढं नाव काढेल असं वाटलं नव्हतं.

सोबत दोन कागद आहेत. एक, तुझा निबंध ज्या नियतकालिकात आला होता त्यांना लिहिलेलं दुरुस्तीपत्र. त्यात नऊ सोमवार आहेत, अकरा मोजण्या आहेत, समितीपुढचं 'हो' आहे. दुसरा, त्यांचा अर्ज. मुख्य लेखिका तू असल्याने तुझी सही लागते. हे पाकीट पेटीत टाकून मी थेट विभागप्रमुखांकडे जाणार आहे. तुला आधी विचारत नाही, कारण तू "जाऊ दे रे" म्हणशील, आणि मी तेवढ्याचीच वाट बघत असेन.

क्षमा मागत नाही. ती मागायची म्हणजे पुन्हा तुझ्यावरच काम टाकायचं.

तुझा,
बारक्या


२७ फेब्रुवारी

महोदया,

नमस्कार. मायना परका वाटेल, पण आपणच लिहिलंत, 'काही दिवस मला ताई म्हणू नकोस.' 'तू' म्हणायचा हक्कही त्यातच गेला असं धरून चालतो. मी सहा वर्षांचा असताना तुम्ही एकदा अबोला धरलात, तेव्हाही मी तुम्हाला 'अहो बाई' म्हणून हाक मारली होती आणि तुम्ही हसलात. या वेळी तसा इरादा नाही.

आधी इकडची बातमी. मी सांगितल्यावर विभागप्रमुखांनी प्रथमच वही बंद केली. म्हणाल्या, "समारंभ रद्द करू या." मी म्हटलं, "सभागृह ठरलंय, माणसं येणार आहेत. शाल ठेवून द्या, भाषण राहू द्या. विषय मी बदलतो." त्यांनी ते वरच्यांना कळवलंय. माझं काय करायचं ते वरचे ठरवतील. हातात टपाल असलेला शिपाईसुद्धा हल्ली माझ्याकडे जरा थांबून बघतो.

घरी सांगितलं. तुमची भावजय म्हणाली, "आणि इतकी वर्षं मी नणंदेला दोष देत होते, की भावाच्या घरी पाय ठेवत नाही!" भाची एक दिवस माझ्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी विचारलं, "ती टेप आहे अजून?" मी आहे म्हटलं. म्हणाली, "मला ऐकायची नाहीये."

आता तुमचं पत्र. चार पानं. त्यातल्या शिव्यांच्या दीड पानांना मी पात्र आहे; एक शब्दही जास्त नाही. पण तिसऱ्या पानावर थांबलो. तुम्ही लिहिता:

'सत्तेचाळीस माणसं आली होती, मी अडतीस घेतली. नऊ जणांचे कागद मी गाळले, कारण ती खुर्चीत बसल्यावर रडली होती आणि डोळ्याखालच्या तारा ओल्या होऊन रेघ बिघडली होती. तेव्हा मला खात्री होती. पण समितीने विचारलं, नेमके हेच नऊ का? आणि मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून वाटत आलं, मला तो फरक हवा होता. म्हणून जे कागद मला हवं ते सांगत नव्हते तेच मला बिघडलेले दिसले असतील. मी शिजवलं नाही हे मला माहीत होतं. पण माझ्या डोळ्यांनी माझ्या नकळत शिजवलं नाही, हे कशावरून? बारक्या, या भीतीपायी मी शाळेत एकेक पेपर तीन वेळा तपासत आले. चूक तुझी होती, हे आता कळलं. ती माझी नव्हती, हे अजून कुठे कळलंय? अर्जावर सही करत नाही.'

त्या तीनदा तपासलेल्या पेपरांवरून मी फोनवर कितीदा तुमची टिंगल केली आहे, आणि तुम्ही "बरं" म्हटलं आहे.

मला वाटत होतं, मी तुमचं नाव खाल्लं. मी तुमचे डोळे खाल्ले होते. आणि माझं कबुलीपत्र त्यांना परत आणत नाही, कारण त्यात फक्त माझ्याबद्दल लिहिलंय. कबुली देतानाही माणूस स्वतःवरच उजेड पाडतो.

तर हे सोबतचं जाड पाकीट. मूळ नोंदी माझ्याकडे आहेत. संगणक बदलत गेले, मी त्या दर वेळी पुढे नेत आलो. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं. त्या मी मोठ्या कागदावर छापल्या आहेत, एक मिलिमीटर म्हणजे एक मिलिसेकंद. सत्तेचाळीस माणसं, सत्तेचाळीस कागद, तुम्ही गाळलेले नऊ धरून. खुणेची उभी रेघ डावीकडे आहे. पापणी हलायला लागते ती जागा तुमची तुम्ही शोधायची. मी कुठेही बोट दाखवलेलं नाही.

कुठला कागद ठेवलेला आणि कुठला गाळलेला, ते कागदावर नाही. नुसता क्रमांक आहे. कागद पिसले आणि क्रमांक घातले ते तुमच्या भाचीने, दार लावून घेऊन. म्हणाली, "बाबा, या कामात तुम्ही नको." क्रमांकांची यादी वेगळ्या पाकिटात आहे, तिनेच चिकटवलेली, तिच्या सहीची. आधी सगळे मोजायचे, आकडे शाईने लिहायचे, मग ते पाकीट फोडायचं आणि बघायचं, गाळलेल्यांचे आकडे ठेवलेल्यांहून वेगळे निघतात का. काही कागदांवर नुसता चिखल दिसेल, रेघ म्हणून काही नाहीच. ते बाजूला ठेवा. जे वाचता येत नाही ते बाजूला ठेवणं म्हणजे लबाडी नव्हे. न वाचता लिहिणं म्हणजे लबाडी, आणि त्याचा या घरात एकच जाणकार आहे.

सवड काढून बसा. दाजींना चहा करायला सांगा, खोकला असला तरी तेवढं जमेल. एकच कागद दोनदा मोजून अर्ध्या मिलिमीटरचा फरक आला तर पट्टी बदलू नका, तेवढं चालतं हे मला तुम्हीच शिकवलं आहे. शंका आली तर मला फोन करू नका. मी विनोद करेन.

मी स्वतः ते नऊ मोजलेत, गेल्या आठवड्यात. आकडा लिहीत नाही. तुम्ही एकदा माझ्या आकड्यावर विसंबलात, त्याचं काय झालं ते आपण दोघं जाणतो. हा आकडा तुमच्या डोळ्यांतून यायला हवा, नाहीतर त्याचा काही उपयोग नाही. सही करायची की नाही ते त्यानंतर ठरवा.

फक्त मोजायला घाबरू नका. यापेक्षा जास्त सांगितलं तर प्रयोग बिघडेल.

आपला,
सध्या फक्त तंत्रज्ञ